वळणावरची बटणं

प्रिय चिमणे,

तिकिटं परत करायची नाहीत. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू सावकाश वाचशील. काल फोनवर म्हणालीस की बाबांना आता शर्यतीतलं काही दिसणार नाही, मग एवढा प्रवास, ऊन, गर्दी कशाला? आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. फोन ठेवण्यात अगदी बाबांवर गेली आहेस. म्हणून कागद घेतला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुझ्याबद्दल जे सांगितलंय तेही तू दोनदा टाळलंस, पण त्यावर मी येणार आहे हे ध्यानात ठेव. आधी बाबांचं ऐक.

तुला वाटतं की यांच्या डोळ्यांचं आम्हाला दवाखान्यात कळलं. छे! कळलं ते आपल्या बाहेरच्या खोलीत, हंगामाच्या पहिल्याच शर्यतीला. नेहमीची मंडळी टीव्हीसमोर होती, तुझा मामा आणि खालच्या दुकानातले सायकलवाले. शर्यतीत आपला लाडका चालक तात्या आणि त्याच्याच संघातला तो नवा पोरगा, दोघांच्या गाड्या एकाच रंगाच्या. फरक काय तो चालकाच्या डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याच्या चिमुकल्या डबीचा, तात्याची पिवळी आणि पोरग्याची काळी. तू कॉलेजात असताना त्या थोराड माणसाचं नाव तात्या ठेवलंस, तेव्हापासून आपल्या घरी तेच त्याचं खरं नाव. आणि या दोन डब्यांवरून बाबांनी लोकांचा किती पाणउतारा केलाय! मामानं एकदा पोरग्याला तात्या म्हटलं तर त्याला चहा द्यायचा नाही म्हणून मला दटावलं होतं. तर त्या दिवशी तात्याची गाडी कधीच वाळूत रुतली होती आणि पोरगा पुढे निघाला. हे ताडकन उठले, टाळ्या पिटायला लागले, तात्या, अरे माझ्या तात्या! मामाला वाटलं थट्टा चाललीय, तो खो खो हसला. मी मात्र सुई हातात धरून तशीच बसले. हा माणूस आपल्या बायकोला गर्दीत चुकेल, पण त्या दोन गाड्यांत चुकायचा नाही.

मग मागचं सगळं आठवायला लागलं. संध्याकाळी जिन्यातला दिवा गेलाय म्हणून ओरडायचे, आणि दिवा तर लागलेलाच असायचा. मी म्हणायची, म्हातारचळ लागला. उंबऱ्याला ठेच लागायची, बाजूला ठेवलेला पेला हटकून सांडायचा. आयुष्यभर बस चालवली आणि एकाही माणसाला खरचटू दिलं नाही. नशीब, निवृत्त झाल्यावर हे पुढ्यात आलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, कडेकडेनं अंधारत येतं, मग मधलंही पुसट होतं, आणि हे रक्तातून येतं. मुलीची तपासणी करून घ्या म्हणाले. बाबांनी घरी येऊन टीव्हीवर चादर टाकली आणि म्हणाले, हा हंगाम संपला.

मला असला संताप आला! संपला कसा? अजून सगळ्या शर्यती बाकी, तात्याला एक गुण नाही, आणि हे घरात तोंड पाडून बसणार? मला त्या गाड्यांचं काडीचं प्रेम नव्हतं, तुला ठाऊक आहे. रविवारची दुपार त्या घोंघाटापायी वाया जाते म्हणून मी वर्षानुवर्षं कुरकुर केली. पण पुढच्या शर्यतीला मीच चादर ओढून काढली आणि बसले सांगायला. अगं, काय फजिती! मी आपली, अरे अरे अरे, गेला गेला! हे विचारतात, कोण गेला, कुठे गेला? मी म्हणते, तो लाल. लाल गाड्या ढीगभर. चिडून उठून गेले, जाताना दाराला खांदा आपटला, आणि तो रागही माझ्यावरच काढला.

तेव्हा मी माझ्या धंद्याकडे वळले. मला बोलता येत नसेल, शिवता तर येतं ना? पेपरात ट्रॅकचं चित्र आलं होतं, ते मापाच्या कागदावर मोठं केलं, जुन्या चादरीच्या तुकड्यावर छापलं आणि त्या रेघेवरून कपड्याच्या काठाला लावतात ती पायपिंगची जाड दोरी शिवली. प्रत्येक वळणावर एक बटण. हळू घ्यायच्या वळणाला कोटाचं मोठं, सुसाट वळणाला शर्टाचं. सुरुवातीच्या रेषेला हुक. चाकं बदलायला गाड्या आत येतात ती वाट म्हणजे परकराची जुनी नाडी. ते यांच्या मांडीवर टाकलं. यांचं बोट हुकावर गेलं, तिथून दोरीवरून सरकत सरकत पूर्ण फेरी मारून परत हुकावर आलं. म्हणाले, तिसऱ्या वळणाचं बटण चुकलंय, तिथे गाडी एवढी हळू होत नाही. मी तिथल्या तिथे उसवलं आणि दुसरं लावलं. त्या दिवशी मला रडूही आलं आणि हसूही.

तेव्हापासून प्रत्येक शर्यतीचा नवा कपडा. मी शिकले गं. आता मी सांगते, तात्या पाचव्या बटणावर, पुढे निळा, दोघांत एक बस मावेल एवढं अंतर. यांचं बोट माझ्या आवाजाबरोबर पळतं. मी जरा श्वास घ्यायला थांबले की बोट वळणावर अडतं आणि हे खेकसतात, अगं, गाडी उभी केलीस का मधेच? सायकलवाले तर आता टीव्हीचा आवाज बंद करायला लावतात, वहिनींचंच बरं म्हणतात. मामा पडद्याकडे न बघता कपड्याकडे बघतो. आणि तात्या! पेपरवाल्यांनी त्याला कधीच मोडीत काढलं होतं. पोरानं त्याला हंगामाच्या मध्यापर्यंत पाणी पाजलं. पण गडी चिवट निघाला. कधी चौथा, कधी दुसरा, पावसाच्या शर्यतीत सगळे घसरत असताना पहिला! त्या दिवशी बाबांनी बोटानं कोटाचं बटणच उपटलं. आता शेवटच्या शर्यतीवर सगळं आलंय. तात्या पोरग्याच्या पुढे राहिला तर जिंकला.

आणि नेमक्या त्याच शर्यतीची तिकिटं तू परत करायला निघालीस. बाबा आवाज ऐकायला येणार आहेत. ते म्हणतात, टीव्हीत तो आवाज डब्यात कोंडल्यासारखा येतो, एकदा छातीवर घ्यायचाय. काठीही घेतलीय त्यांनी. आधी काठीचं नाव काढलं तरी अंगावर यायचे. परवा स्वतःहून दुकानात गेले, मला म्हणाले, तिकडे गर्दीत तुझ्या हाताला लोंबकळत फिरू काय? तिकिटं दोनच आहेत, तुझं आणि त्यांचं. मी त्यांना तुझ्या दारापर्यंत आणून सोडणार, आणि ट्रॅकवर सांगायचं काम तू करायचं. अवघड नाही. कोण, कुठे, किती अंतरावर, एवढंच. डोळ्यात पाणी आलं तर येऊ दे, पण गाडी मधेच उभी करायची नाही.

आता तुझं. गेल्या खेपेला तू आलीस, संध्याकाळी जिना उतरताना भिंत चाचपत थांबलीस, आणि मला हाक मारून म्हणालीस, आई, जिन्यातला दिवा गेलाय, बदलून घे ना. चिमणे, दिवा चालू होता. मी वरून बघत होते. तुलाही ते खाली पोचल्यावर कळलं, कारण तू मागे वळून वर पाहिलंस. त्यानंतर तू घरी आली नाहीस. दिवसभर घरांचे नकाशे काढणारी माझी पोर, तुला काय वाटत असेल ते मला कळतं, आणि कळून माझा जीव तुटतो. पण न बघितल्यानं ते टळत नाही, यांनीही तसंच वर्ष घालवलं. शर्यतीच्या आधीच्या सोमवारी तुझ्या गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी तुझं नाव नोंदवलंय. मी यांना घेऊन त्याच्या आदल्या दिवशीच येते. तू आत जाशील तेव्हा मी बाहेरच्या बाकावर असेन. काही निघालं नाही तर तिघं मिळून पोटभर हसू. आणि निघालं तर ऐक, शेवटच्या शर्यतीचे मी दोन कपडे शिवलेत. एक बाबांच्या पिशवीत आहे. दुसरा माझ्या कपाटात आहे, बटणं सगळी तपासून लावलीत, आणि सांगायला मी आहे.

तुझीच, आता न थांबता सांगणारी,
आई