किंकाळी कुणालाही देऊ नये

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंद्याने डबिंग कलाकार, डोके ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दबावाशिवाय (जाऊबाईंना हे खरे वाटणार नाही) हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. राहते घर यजमानांच्या पश्चात मुलगा आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे. मुलीचा हिस्सा कमी का नाही, असे जाऊबाईंनी विचारू नये.

२. माझी किंकाळी. आपल्याकडच्या अंतराळाच्या सिनेमांत नायिकेच्या तोंडी ऐकू येते ती माझी. एकदाच रेकॉर्ड झाली आणि स्टुडिओवाल्यांनी पुढच्या प्रत्येक यानात तीच चिकटवली. पहिल्या सिनेमात त्या जागी वाक्य होते : "बाजूला व्हा, यान मी उतरवते." दिग्दर्शक म्हणाले, "बाई घाबरली नाही तर हिरोनं काय करायचं?" मी मान डोलावली आणि किंचाळले. पहिल्याच टेकला ओके झाले म्हणून घरी मिरवलेसुद्धा. स्टुडिओ आता माझा भाचा चालवतो. त्याने ती किंकाळी पुसून टाकावी. कुणी कितीही गळ घातली तरी देऊ नये.

३. सेट मोडताना मागून आणलेली कॅप्टनची फिरती खुर्ची नातीला. यजमान तिच्यात बसून पेपर वाचतात. त्यांनी सोफ्यावर बसावे.

कारण असे, की गेल्या महिन्यात नात आणि नातू त्या खुर्चीचे यान करून खेळत होते. यान कोसळू लागताच नात सुकाणू सोडून किंचाळली. हुबेहूब माझ्यासारखी.

"अगं, मग यान कोण चालवणार?" मी विचारले.

"आजी, मुली ओरडतात. सिनेमात तसंच असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सिनेमातला तो आवाज माझा आहे, हे तिला सांगायची अजून लाज वाटते. हे वाचल्यावर तिला कळेलच, आणि तेव्हा मी समोर नसेन, याचे मला बरे वाटते. त्याचीही लाज वाटते.

४. दिग्दर्शक हयात असतील तर शोकसभेत त्यांना बसू द्यावे, बोलू देऊ नये.

५. आज सकाळी नातीला खुर्चीत बसवून ते मूळ वाक्य शिकवायला घेतले. "आधी तू म्हण," ती म्हणाली. मी घसा साफ केला. तोंडून निघाले, "जरा बाजूला होता का? यान मी उतरवू?"

नातीने खुर्ची माझ्याकडे फिरवली. "विचारतेस कुणाला, आजी?"

सही करण्याआधी हा कागद यजमानांना दाखवणार होते. दाखवला नाही.

सही : (स्वहस्ते)
साक्षीदार : १. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई २. माझ्याबरोबर खलनायकांचे डबिंग करणारे, आता निवृत्त
ठिकाण : राहते घर, कॅप्टनच्या खुर्चीत बसून
दिनांक : १२ ऑगस्ट २०२४