सूत सारखं येत होतं म्हणून

बाबा, माझ्या डोळ्याचा पडदा सुटला होता आणि तो ऑपरेशनविना जागेवर आला. तुमचा आला होता तसाच. नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'पाणी सुकलं, आता काळजी नाही,' आणि आनंद व्हायच्या आधी मला तुमचाच संताप आला. तुम्ही असता तर आंधळगावच्या चौकात उभं राहून सगळ्यांना ऐकवलं असतं, 'मी त म्हनतच होतो.'

काय म्हणत होता तुम्ही? तुमच्या पडद्यामागे नुसतं पाणी साचलं होतं, ते गोळ्यांनी उतरलं. तुम्ही मागावर बसलात, चांगला डोळा तळहातानं झाकून तुटलेला धागा जोडलात आणि जाहीर केलंत की डॉक्टर लोक उगाच कापाकापी करतात. तेव्हापासून आपल्या घरात डोळ्याची परीक्षा धाग्यावर होऊ लागली.

मग माझ्या आईची, माईची पाळी आली. ती पडवीत बसली आहे, मांडीवर कोशाच्या रेशमाचं सूत वळते आहे आणि सांगते आहे, 'डाव्या डोऱ्यात कोपऱ्यातून कारा परदा उतरून राहिला जी.' तुम्ही तिच्या डोळ्याकडे पाहतसुद्धा नाही. तिनं वळलेलं सूत बोटांत धरून उजेडाकडे नेता. 'सूत त सारखं येऊन राहिलं. डोऱ्याले काई नाई झालं. माया नाई आला का ठिकानावर? थांब थोडी.' अहो, ते सूत बायका बोटांच्या अंदाजानं काढतात, गप्पा मारत, दाराकडे बघत. तिनं डोळे मिटून घेतले असते तरी ते सारखंच आलं असतं. जन्मभर कोसा विणून तुम्हाला एवढं कळू नये? तिचा पडदा फाटला होता. तुमच्यासारखं नुसतं पाणी नव्हतं ते. वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर डोळा राहिला असता, हे मला वाटतच होतं, आता डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं. तुम्ही थांब म्हणालात, ती थांबली, डोळा गेला. तुम्ही गेल्यावरही ती म्हणायची, 'नशिबात होतं बाई, तुया बाबाचा काय दोष.' ते ऐकून माझं डोकं फिरायचं.

काल घरी आले तर तिनं विचारलं, 'कसा झाला बरा?' मी खोटं बोलले. 'ऑपरेशन केलं,' म्हटलं. तुम्हाला बरोबर ठरवणारी एकही गोष्ट मला या घरात आणायची नव्हती. तिनं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मांडीवरचा हात थांबला.

'मंग माया बी वाचला असता,' ती म्हणाली.

हेच तिच्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. आज सकाळपासून तिनं सूत हातात घेतलेलं नाही, धड जेवलीही नाही. माझा डोळा आपोआप बरा झाला एवढं सांगितलं तर ती उठून बसेल, हे मला कळतं. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. मी अजून तिला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ती तुम्हाला पुन्हा माफ करील.