थिएटर म्हणजे टॉकीज

बापू, एका नव्या दवाखान्यात पाटी रंगवायचं काम मिळालं आहे. 'ऑपरेशन' लिहून झालं आणि 'थिएटर'पाशी हात थांबला. इंग्रजीतही लिहायचं आहे. स्पेलिंग मला येतं, तरी डॉक्टरांना विचारलं, शेवटी आर-ई की ई-आर? ते म्हणाले, "आर-ई. विलायती. तिथे पिक्चर सिनेमात बघतात, थिएटरात नाटक, नाहीतर ऑपरेशन. माझा भाऊ अमेरिकेत आहे, तिकडे उलटं. पिक्चर थिएटरात आणि ऑपरेशन मात्र रूममध्ये." मी मान हलवली, ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला आणि पायरीवर येऊन बसलो. त्या दिवशी रूम म्हटलं असतं तर मी दारातून हललो नसतो, बापू.

तुम्हाला पोखर्णीहून परभणीच्या दवाखान्यात आणलं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. शाळा नववीत सुटलेली, तरी आपल्यात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. सकाळी तुम्ही पोट धरून म्हणता, "हितं पडून काय करू? दुपारचा खेळ बघून येतो टॉकीजला." माय म्हणते, "उठून बसायला येईना, अन् म्हणे खेळ!" तुम्ही हसता, दुखतं म्हणून मधेच थांबता. दुपारी मी आणि माय नळावर धुणं करून परत येतो, तर खाट रिकामी. पुण्याकडच्या नर्सबाई घाईत सांगतात, "सात नंबर? थिएटरला गेलेत." माय माझ्याकडे बघते. आपण टॉकीज म्हणतो, त्यालाच मोठ्या शहरात थिएटर म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. मी सांगितलं, "पिक्चरला गेलेत, माय." ती म्हणाली, "काय म्हणावं ह्या माणसाला! जा, धरून आण."

टॉकीजच्या दारावरचा माणूस पोट धरून हसला. "बाप पळाला अन् पोरगं धरायला आलं? लय झालं!" पण त्यानं आत सोडलं, हातात टॉर्चही दिली. मी एकेक ओळ बघितली. लोक शिव्या देत होते.

परत आलो तेव्हा माय खाटेपाशी खाली बसली होती. तुमच्या तोंडावर चादर होती. ती म्हणाली, "शुद्धीवर आले होते. पोरगं कुठाय, म्हणाले. मी म्हणलं, तुमाला हुडकायला गेलंय टॉकीजला." "मग?" "हसले."

तो शब्द मी नंतर कितीतरी माणसांना विचारला. प्रत्येकाचा अर्थ बरोबर होता. माझाही होता, फक्त दवाखान्यातल्या दारावरचा नव्हता. आता तसल्याच दारावर तोच शब्द मी लिहितो आहे, आणि आत नेलेल्या माणसाचं कुणी बाहेर उभं असेल, त्याला तो कळेल की नाही, यावर माझा काही इलाज नाही.

हा कागद कुठे पाठवणार? ब्रश पुसायला होईल. म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. सगळ्या ओळी बघायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती. मायला वाटतं, परत येईपर्यंतचा सगळा वेळ मी तुम्हाला शोधत होतो. टॉर्च परत देऊन मी मागच्या बाकावर बसलो, बापू. खेळ सुटेपर्यंत.