गावच्या बँकेची एकुलती एक नोट

ती. ओटिलीआत्यास वेल्डाहून लुमीरचा नमस्कार. लिंकनची हवा तुला मानवली ना? इकडे मका बरा आहे, गाई बऱ्या आहेत. तुझी भाचेसून व्हर्ना माझ्याशी बोलत नाही. जे काय बोलायचं ते फोनवर तुझ्याशीच बोलते. तरी माझी बाजू ऐक.

गोठ्याचं गळकं छप्पर उतरवताना तुळईमागे आपल्या गावच्या जुन्या बँकेची नोट सापडली. (पूर्वी गावोगावच्या बँका स्वतःच्या नावाच्या नोटा काढत, त्यातली.) खाली कॅशियर म्हणून आजोबांची, म्हणजे तुझ्या बाबांची, झोकदार सही. ओमाहाला टीग म्हणून जुन्या नोटांचे व्यापारी आहेत. त्यांनी भिंग लावलं आणि मला चक्क कॉफी पाजली! म्हणाले, "या बँकेची दुसरी नोट आजवर कुणी पाहिलेली नाही. अख्ख्या छपराचा खर्च निघेल यात. अर्थात, एकच आहे तोवर."

हे शेवटचं वाक्य वगळून बाकी सगळं मी गावच्या खानावळीत सांगितलं. रविवारी चर्चबाहेर म्हातारी झेलेन्काबाई बायबलमधून तशीच नोट काढून उभी! "लुमीर, माझीपण दाखव रे त्या साहेबांना." मला घाम फुटला. दोन झाल्या की भाव पडणार, म्हणून मी तिची नोट तिथल्या तिथे विकत घेतली. झालं! लुमीर जुन्या नोटा घेतो, अशी बातमी पसरली. न्हाव्याने आरशामागून काढली, कुणी आईच्या टोपीच्या अस्तरातून. मी आपला घेत गेलो. शेवटी ट्रॅक्टर विकला, तेव्हा व्हर्ना म्हणाली, "तुझ्या आजोबांना जमलं नाही ते तू केलंस. बँक बुडवलीस." त्यानंतर अबोला.

गाई ताडपत्रीखाली आहेत. पण संध्याकाळी मी नोटा टेबलावर मांडून बसतो. एखादी सही घाईची, एखादीवर शाईचा डाग. आजोबा मला एवढे कधी भेटलेच नव्हते गं.

तुझा,
लुमीर

ता. क. : लग्नात आजोबांनी तुला दिलेली नोट तू चौकटीत लावली आहेस ना? माझी एक विकून होईपर्यंत ती भिंतीवरून काढून ठेव. पत्र खरं म्हणजे यासाठीच.

ता. क. २ : पाकीट चिकटवतच होतो, तर टीगसाहेबांचा फोन. लिंकनच्या कुणी वयस्क बाई चौकटीसकट नोट विकून गेल्या. घासाघीस करून चांगला भाव घेतला, पैसे पर्समध्ये टाकले, आणि दारातून वळून म्हणाल्या, "माझ्या भाच्याकडे अशा ढीगभर आहेत हो."