आवडाबाईची पेटी दिवसाढवळ्या घरी पोहोचवण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, कल्याण.

अर्जदार : आवडाबाई परशुराम कोळी, रा. कोपर, डोंबिवली (प.)

विषय : चौकीत नेलेली पत्र्याची पेटी पोलिसांनी स्वतः आणून देणेबाबत.

संदर्भ : खाडीत प्रवासी विमान उतरले तो प्रसंग.

महोदय,

अर्जदार ही मासळी विकून पोट भरणारी विधवा आहे. गेल्या महिन्यात इंजिने बंद पडलेले विमान भरतीच्या पाण्यावर उतरले, तेव्हा ती दिराच्या होडीतून सर्वांत आधी तिथे पोहोचली. गावच्या होड्यांनी एकूण एक माणूस जिवंत काठाला आणला, हे आपणांस विदित आहेच.

कुडकुडणाऱ्या बायकांना आवडाबाईने घरी नेले, पेटीतली धुतलेली लुगडी नेसवली, चहा पाजला. त्यांपैकी एका बाईंनी संध्याकाळी मंगळसूत्र गेल्याची तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पेटी अंगणात उपडी केली. ठिगळांचे परकर, मयत नवऱ्याची बंडी, सारे गावासमोर पडले. हवालदारांनी तिला पदर झटकायला लावला व पेटी घेऊन गेले.

मंगळसूत्र पुढे त्या बाईंच्या यजमानांच्या कोटात सापडले. विमानातल्या घाबरगुंडीत बाईंनीच ते काढून यजमानांकडे दिले होते. चौकीतून निरोप आला की, पेटी घेऊन जा.

आवडाबाई जात नाही. पेटी डोक्यावर घेऊन येताना पाहणाऱ्याला चोरी पचली असेच वाटेल, असे तिचे म्हणणे आहे. बाजारात कुणाची पिशवी इकडची तिकडे झाली की ती आधी आपली टोपली पालथी करून दाखवते. सख्ख्या भाचीच्या हळदीला ती दाराबाहेर बसली, कारण आत दागिने मांडले होते.

तरी त्याच हवालदारांनी पेटी भर उन्हात, गावातून चालत आणावी आणि दागिना कुठे मिळाला ते मोठ्याने सांगावे. त्या बाईंवर कारवाई नको. त्या घाबरल्या होत्या.

अर्ज लिहिताना मी, तिची सून, तिला विचारले, "आये, परत विमान परला तं जाशील?"

तिने भिंतीकडे तोंड केले. म्हणाली, "जाईन. मानसां बुरताना बघवतील का? पन घरान नाय आननार कोनाला."

आपल्या हुकुमाची वाट पाहणारी,
आवडाबाई परशुराम कोळी
(डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार : सून, सरोज
दि. १२ फेब्रुवारी १९९१