कुंपणाचा एक कोपरा

मुहर्रक, बहारीन
मे १९९६

प्रिय मालू,

जय भीम. तुझं पत्र पोचलं. कुंपणाचा निवडुंग काढून तारा ओढणार म्हणतेस. ओढा बाई, पण एक कोपरा राहू दे. आई त्याच्या पानाचे काटे चुलीत जाळायची, पान चिरून गरमगरम सुजेवर बांधायची. खोकला झाला की बोंडांचा रस पाजायची, आणि आपण लालभडक तोंडं घेऊन शाळेत जायचो. आठवतं का?

इथे सगळं ठीक. माझ्या धम्मदीपची विमानतळावर शिफ्ट, सूनबाई जागृती ऑफिसात. नातीला, श्रावस्तीला, मी सांभाळते. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. भूक लागली की मात्र ‘आजी’ आठवते. बाकी दिवसभर एसीची घरघर ऐकत बसायचं. माणसं कामाने दमतात, मी बसून दमलेय गं.

बिल्डिंगशेजारच्या जुन्या घरात खदिजा राहते. तिच्या भिंतीला निवडुंग दिसला आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, आम्ही बोंडं सोलून खातो, पान बांधत नाही. मी सुजलेला गुडघा दाखवला, तिने पान तोडून दिलं. ते मी गॅसवर धरलं. नेमकी जागृती कामावरून आली. तिला वाटलं, वायर जळतेय. तिने आरडाओरडा करून सगळी बिल्डिंग खाली उतरवली! भर उन्हात सगळे उभे आणि मधोमध मी, हातात निवडुंग. हसू नकोस. पोरगी रागावली नाही, उलट संध्याकाळी तिनेच पान बांधून दिलं. गाठ मात्र इतकी सैल की पान घसरून पोटरीवर आलं.

जीव लावतात गं दोघं. म्हणूनच तोंड उघडवत नाही. गावी राहायला जाते म्हटलं की धम्मदीप विचारतो, आई, आमचं काय चुकलं? काहीच नाही चुकलं. मला माझ्या दारात बसायचंय, एवढंच.

जुलैच्या सुट्टीत आम्ही सगळे येतोय. माझं परतीचं तिकीट काढायच्या आत तू त्याला पत्र टाक. लिही, मावशीचे गुडघे धरलेत, आक्काला इथेच राहू दे. तुला तो नाही म्हणणार नाही. श्रावस्ती शाळेतून आली की खदिजाकडे बसेल, मी विचारून ठेवलंय. आणि हे खोटंही नाही, तुझे गुडघे दुखतातच. तू माझ्या गुडघ्याला पान बांध, मी तुझ्या बांधीन. आईसारखी गच्च गाठ आता आपल्या दोघींनाच येते.

तुझीच,
भागीरथाआक्का