वर्षाच्या आतली बरणी

चामराजपेट, बंगळूर
एप्रिल १९६१

प्रिय राजलक्ष्मी,

तुला आणि उपेंद्रला आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. यांचा खोकला गेला, माझे गुडघे आहेत तसेच आहेत. उपेंद्रचं पत्र पाडव्याच्या आसपास पोचलं आणि अजून मी उत्तर दिलेलं नाही, तेव्हा तिकडे बळ्ळारीत तू पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसली असशील हे मला इथून दिसतं. पत्र वाचून आधी मी तुझ्यावरच चिडले. अगं, इतकी वर्षं माझ्या चुलीपाशी बसून भाकऱ्या थापल्यास, आणि जन्माची गोष्ट विचारायची तर भावाच्या हातून लिहून घेतलीस? एवढी मी वाघीण आहे का? असेन म्हणा. उपेंद्रने मात्र आडपडदा न ठेवता लिहिलंय. त्याच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर त्रिविक्रम, आपल्यातलेच, पहिली बायको आजारात गेलेली, त्यांनी तुला मागणी घातली आहे. तुलाही माणूस पसंत आहे. पण तू म्हणतेस की सयाजीचं वर्ष होईपर्यंत हा विषय कुणी काढायचा नाही, आणि आत्याबाई, म्हणजे मी, हो म्हटल्याशिवाय तर मुळीच नाही. त्यांच्या घरचे काही श्रावणापर्यंत थांबायला तयार नाहीत. शाळा उघडायच्या आत काय ते कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो म्हणतात. हो की नाही, ते या पत्रात येईल. पण मला माझ्या पद्धतीने सांगू दे, आणि माझी पद्धत पाल्हाळाची आहे हे तुला कुणी नव्याने सांगायला नको.

तर आधी तमाट्यांचं ऐक. फाल्गुनापासून या घरात दुसरा विषयच नाही. तू माहेरी गेलीस तेव्हा मामंजी कसे होते ते तू बघितलं आहेस. सयाजीसारखा पोटचा पोरगा गेल्यापासून नुसते पडवीत खुर्ची टाकून बसायचे. पेपर उलटा धरलेला असला तरी यांना पत्ता नसायचा. जेवायला हाक मारली की उठायचे, पान वाढलं की जेवायचे, भाजीत मीठ नसलं तरी ब्र नाही. एकदा मी मुद्दाम मीठ घातलं नाही, निदान ओरडतील तरी म्हणून. जेवून उठले आणि हात धुतले. मग कार्तिकात यांचे ऑफिसातले जुने सोबती बसवंत आनेकलहून आले, त्यांनी घरच्या तमाट्यांचं बी पुडीत बांधून आणलं आणि यांच्या हातात कोंबलं. अण्णा, स्वल्प मातीत हात घाला, बरं वाटेल, म्हणाले. मला हसू आलं. आयुष्यभर फायली हाताळलेला माणूस, विळी आणि कोयता यातला फरक विचारला तर गडबडेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे मागच्या परसात, हित्तलात, धोतर खोचून उकिडवे बसलेले.

रोपं उगवली ती दाट उगवली. बसवंत पुन्हा आले आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, एका जागी एकच जोरकस रोप ठेवायचं, बाकीची उपटून टाकायची, नाहीतर धड एकही वाढणार नाही. हे मान हलवून सरी, सरी म्हणाले. बसवंत गेल्यावर आळ्यापाशी बसले, एका रोपाला दोन बोटं लावली, मग शेजारच्याला, मग त्याच्या शेजारच्याला. मी कपडे वाळत घालत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “सगळी धडधाकट आहेत गं. यातलं कुठलं काढू?” राजी, मला तिथे उभं राहवेना. पिळलेला पंचा तसाच खांद्यावर टाकून मी आत आले आणि चुलीपुढे बसून पोटभर रडले. श्रावणात सयाजी गेला तेव्हापासून मी अशी रडले नव्हते, लोकांचं येणंजाणं सांभाळण्यातच सगळं गेलं होतं.

एकही रोप यांनी टाकलं नाही. प्रत्येकाला जागा शोधली. माझी अबोली हलवून तिथे लावली, कण्हेरीच्या बुडाशी लावली, फुटक्या बादल्यांत लावली, रॉकेलच्या डब्यांना भोकं पाडून त्यांत लावली. न्हाणीचं पाणी वळवलं. मी रोज ओरडायचे की चालायला वाट ठेवा, आणि मनातून बरं वाटायचं की ओरडायला निमित्त तरी आहे. फाल्गुन लागला आणि झाडं जी लागायला लागली म्हणतेस! फांद्या खाली टेकल्या, काठ्या लावल्या तर काठ्याही वाकल्या. रोज सकाळी हे टोपली भरून आणायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवायचे. आम्ही दोघं खाणार किती? सारू झालं, गोज्जू झालं, कांदा घालून कोशिंबीर झाली, डाळीत झाले, भातात झाले. भाजलेल्या तमाट्यांचं हिरवी मिरची ठेचून भरीत केलं, ते मात्र अशा चवीचं झालं की यांनी मागून घेतलं. मागून घेतलं, राजी. मी वाटी तशीच पुढे सरकवली आणि माझ्या वाटणीचंही वाढलं. वाण पातळ सालीचं आहे, आंबटगोड, झाडावरून तोडून नुसतं मिठाशी खाल्लं तरी तोंडाला चव येते. वाटायलाही कमी केलं नाही. गल्लीत असं घर नाही की जिथे आमची टोपली गेली नाही. शेवटी समोरच्या बाई मला येताना बघून दार लोटून घ्यायला लागल्या.

आणि यातली गंमत म्हणजे ज्याच्यामागे हे सगळं झालं त्या सयाजीला तमाटं बघवत नव्हतं. आठवतं ना, सारातला तुकडा बोटाने उचलून ताटाच्या कडेला लावायचा, आणि मी पाठ फिरवली की तू तो तोंडात टाकायचीस. मला सगळं दिसायचं. त्याच्यापायी या घरात तमाटे बेतानेच यायचे. आता ढीग पडलेत आणि नाक मुरडणारा नाही.

चैत्र लागला, ऊन तापलं आणि फळ टिकेना. आज तोडलेलं उद्या मऊ. एरवी मी काय गप्प बसले असते? लोणच्यासारखा तोक्कू घातला असता, फोडी वाळवल्या असत्या, बरण्या कमी पडल्या असत्या. पण दुखवट्याचं वर्ष. घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत लोणचं नाही, पापड नाही, वर्षाचं म्हणून काही भरायचं नाही, कुणी नातलगांनी दिलं तर खायचं. तुला ही रीत माहीत आहेच. माघात भागुबाईवन्संनी होसकोटेहून लिंबाचं लोणचं पाठवलं तेच आम्ही खातोय. वर्षाच्या आत बरणी भरली तर घरावर आणखी काही येतं म्हणतात. माझ्या सासूबाईंनी पाळलं, त्यांच्या सासूबाईंनी पाळलं. मी पण पाळणार होते. रोज सकाळी कुजलेले निवडून खड्ड्यात टाकायचे आणि यांच्याकडे बघायचं टाळायचे. हेही बघायचे नाहीत. पण टोपली आणायचे थांबले नाहीत.

खरं सांगू का? उपेंद्रचं पत्र तेव्हाच आलेलं होतं. डब्यांच्या फळीवर ठेवलं होतं. ते वाचून मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तुझा राग नव्हता, पण सयाजीची म्हणून जी एक जिवंत खूण उरली आहे ती आता दुसऱ्याच्या घरी जाणार, असं झालं. आणि ‘वर्ष होऊ दे’ हे तूच म्हटलं होतंस, त्यामुळे माझी सोयच झाली. वर्ष होऊ दे, मग बघू. तोवर ते मास्तर थांबले तर थांबले. यांनी पत्र वाचलं होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात भागुबाईवन्सं आल्या. ढीग बघून म्हणाल्या, वहिनी, एवढा माल मातीत कशाला घालतेस, मी होसकोटेला घेऊन जाते, माझ्या घरी तुझ्या पद्धतीने घालते आणि बरण्या पाठवते. रीतही सांभाळली, फळही वाया नाही गेलं. मला पटलं. आम्ही दोघींनी टोपल्या भरल्या, वरून केळीची पानं घालून बांधल्या. बसस्टँडला जायला जटका आणला, टोपल्या चढवल्या, वन्सं चढल्या. तेवढ्यात हे पडवीतून उतरून आले आणि घोड्याच्या पुढ्यात उभे राहिले. मला वाटलं, बहिणीला निरोप द्यायला आलेत. यांनी टोपलीला हात घातला आणि म्हणाले, “भागू, उतरव हे. घरचं आहे, घरातच घालू.” वन्सं म्हणाल्या, अण्णा, सयाजीचं वर्ष तरी होऊ दे. तेव्हा यांचा आवाज चढला. या घरात किती महिन्यांनी चढला असेल तो. “एक पोरगी तिकडे वर्ष संपायची वाट बघत बसलीय. आपण संपवल्याशिवाय तिचं कसं संपणार?” जटकेवाला कानडी, त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने उतरून गपचूप टोपल्या खाली ठेवल्या. वन्सं रागावून एकट्याच गेल्या. त्यांचा राग दिवाळीपर्यंत टिकतो, तू काळजी करू नकोस.

मी तिथेच पायरीवर बसले. भीती वाटली, खोटं का सांगू. घरावर आणखी काही येतं म्हणतात. मग मनात आलं, आणखी काय यायचं राहिलंय? उठले, पदर खोचला आणि पाट मांडला.

मग चार दिवस या घरात जे चाललं ते तू बघायला हवं होतंस. तमाटे धुऊन एकेक कोरडा पुसायचा, पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी धरते. ते काम यांनी घेतलं आणि चांदीची भांडी पुसावीत तसे पुसले. मी फोडी केल्या, मीठ-हळद लावून झाकल्या. दुसऱ्या दिवशी पिळून गच्चीवर जुन्या चादरीवर पसरल्या, सुटलेल्या रसात चिंच घालून तो पण उन्हात ठेवला. कावळ्यांना हाकलायला हे डोक्यावर काळी छत्री धरून दिवसभर गच्चीवर बसले. खालून जाणारे लोक विचारायचे, अण्णा, वर काय करताय? हे म्हणायचे, पहारा. हसायचे पण. फोडी आवळल्या की रसाबरोबर वाटल्या, त्यात तिखट, भाजलेली मेथी-मोहरी कुटून घातली. तीळतेल तापवून हिंगाची फोडणी केली, गार होऊ दिली, मग ओतली. सगळं घर त्या वासाने भरलं. सयाजीच्या खोलीत पण गेला तो वास, आणि मी दार ओढून घेतलं नाही. बरणीला कापडाचा दादरा बांधताना यांनी दोऱ्यावर बोट धरलं आणि मी गाठ मारली.

तेव्हा आता ऐक. या घरातलं वर्ष संपलं. आम्ही दोघांनी मिळून संपवलं, श्रावणातले विधी आम्ही करू, ते आमचे आहेत. तुझ्यावर आमचं काही बंधन उरलेलं नाही. त्रिविक्रम मास्तरांना हो म्हण, आणि आत्याबाईंनी सांगितलं म्हणून म्हणू नकोस, तुला हवं आहे म्हणून म्हण. मुहूर्त धरा आणि कळवा. पत्रिका धाडायच्या भानगडीत पडू नका, आम्ही आदल्या दिवशीच येऊन राहणार. उपेंद्रला एक सांगून ठेव. तुझ्या-सयाजीच्या लग्नात मी वरमाय होते, माझ्या पायावर पाणी घालायला माणसं उभी होती, आणि तुझ्याकडून पाठवणीला रडायला आईच नव्हती. ते तेव्हाही माझ्या मनात आलं होतं. यावेळी मला मुलीकडच्या माणसांत बसायचंय. मुलाकडच्यांचे पाय मी धुणार, त्यांचे रुसवे मी काढणार, आणि तुला गाडीत बसवताना मी रडणार, मला कुणी आवरायचं नाही. मास्तरांच्या घरी आधीच सांगून ठेव की मुलीची आई बंगळूरहून येते आहे आणि ती जराशी तिखट आहे.

तुझीच आई,
सकवारबाई